तीस मिनिटांची ओळ

मोजणीबाई पडली हे कळलं तेव्हा मिस्त्रीच्या हातात यंत्राची मूठ होती, आणि तो हात हलवायचा नाही असं ठरलेलं होतं.

ठरवलं होतं तिनंच. मोजणीबाई म्हणजे मिस्त्रीची बायको. इस्पितळाच्या मागच्या इमारतीत, तळमजल्यावर, दोघं एकाच प्रयोगशाळेत कामाला. तो लेथवर पितळेचे आणि स्टीलचे भाग कातायचा, ती त्यांची मोजमापं घ्यायची. घरी ती त्याला ‘अहो’ म्हणायची आणि कामावर ‘मिस्त्री’. चिडली की घरीसुद्धा ‘मिस्त्री’.

गेली चार वर्षं तिथं एकच यंत्र घडत होतं. जखमेला टाके न घालता ती लेझरच्या प्रकाशानं चिकटवायची. जखमेच्या दोन्ही कडा जवळ आणायच्या, मध्ये अंड्याच्या पांढऱ्यासारखा चिकट द्रव थेंबाथेंबानं सोडायचा आणि मुठीतून प्रकाश टाकून तो शिजवायचा. साठ अंशांना थेंब पांढरा होतो आणि कातडी धरून ठेवतो. पन्नासला धरत नाही. सत्तरला थेंबाबरोबर माणूसही शिजतो. सगळा खेळ त्या मधल्या चार-पाच अंशांचा.

म्हणून मुठीच्या टोकाला एक डोळा बसवलेला होता. कातडीला हात न लावता तो तिची उष्णता बघायचा आणि यंत्राला सांगायचा. कातडी थंड असली की यंत्र प्रकाश वाढवायचं, तापली की कमी करायचं. डोळा गुणी होता, पण त्याला एक खोड होती. हातात धरून धरून मूठ तापली की तो चुकायचा. समोर साठ असले तरी सत्तावन्न म्हणायचा. यंत्राला वाटायचं कातडी थंड आहे, आणि ते प्रकाश वाढवायचं. माणूस भाजतोय आणि पडदा म्हणतोय सगळं ठीक आहे.

ही खोड मोजणीबाईनं पकडली. बाकीचे सगळे मूठ पाच मिनिटं धरायचे आणि खाली ठेवायचे. त्यांना ती कशी दिसणार?

“तुमचा हात म्हणजे शेगडी आहे,” ती नवऱ्याला म्हणाली होती. “हिवाळ्यात बरा असतो. आता जरा विज्ञानाच्या कामी येऊ दे.”

प्रयोग साधा होता. मिस्त्रीनं पितळेचा एक पेला कातला, आतून काळा रंगवला. त्यातलं पाणी बरोबर साठ अंशांवर ठेवायचं, पाऱ्याचा तापमापक घालून खात्री करायची. मिस्त्रीनं मूठ त्या पेल्यावर धरायची आणि अर्धा तास सोडायची नाही. पडदा तिच्याकडे वळवलेला. आकडा त्यानं बघायचा नाही, कारण आकडा दिसला की माणसाचा हात नकळत सैल पडतो असं तिचं म्हणणं. दर दहा मिनिटांनी ती आकडा वहीत पेन्सिलीनं लिहायची. पुढच्या खेपेला पुन्हा तोच आला तर वर शाई फिरवायची. मध्येच मूठ खाली ठेवली तर सगळं पहिल्यापासून.

त्या मंगळवारी दुसरी खेप होती. पहिल्या खेपेला तिसाव्या मिनिटाच्या जरा आधी वीज गेली होती, त्यामुळे त्या वेळचा आकडा मिळालाच नव्हता. शून्य मिनिटाला साठ. दहाव्याला एकोणसाठ पूर्णांक दोन. विसाव्याला सत्तावन्न पूर्णांक एक. तिन्ही आकडे पहिल्या खेपेसारखेच आले. तिनं तिन्हींवर शाई फिरवली आणि पेनाला टोपण लावलं.

“पाणी पिऊन येते,” ती म्हणाली. “डोकं भणभणतंय सकाळपासून. हलू नका हां, नाहीतर वीस मिनिटं पाण्यात.”

“जा. पण लवकर ये, माझ्या नाकाला खाज सुटलीय.”

“मग शेवटचा आकडा गोड लागेल,” असं म्हणून ती हसत बाहेर गेली.

मिस्त्री बसून राहिला. समोर भिंतीवर घड्याळ होतं. तेविसाव्या मिनिटाला त्याला वाटलं, व्हरांड्यात कुणाशी बोलत उभी राहिली असेल. पंचविसाव्याला नाक दंडावर घासलं, मूठ हलू न देता. सत्ताविसावं मिनिट संपायला आलं तेव्हा झाडणाऱ्या मावशी धावत दारात आल्या.

“मिस्त्री, उठा!”

“थांबा मावशी. दोन-तीन मिनिटं राहिलीत.”

“अहो उठा! बाई पडल्यात.”

त्यानं मूठ खाली ठेवली तेव्हा घड्याळात अठ्ठावीस मिनिटं झालेली होती. पडद्याकडे त्यानं बघितलं नाही. मोजणीबाई पाण्याच्या कुलरपाशी एका कुशीवर पडलेली होती, आणि खाली सांडलेल्या पाण्यात तिचा चष्मा. दोन मजले वर डॉक्टर होते, ते खाली येईपर्यंत सगळं संपलं होतं.

डोक्यातली रक्तवाहिनी फुटली असं सांगितलं. त्याच इस्पितळातल्या सर्जन, ज्यांना सगळे डॉक्टरीणबाई म्हणत, त्यांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, “मिस्त्री, तुम्ही तिच्या मागोमाग बाहेर आला असतात तरी काही करता आलं नसतं.”

मिस्त्रीनं मान हलवली. त्याला ते पटलं असंही नाही आणि पटलं नाही असंही नाही. त्याच्या डोक्यात एकच बसलं होतं. ती विसाव्या मिनिटाला उठली, आणि तो अठ्ठाविसाव्याला. मधली आठ मिनिटं त्यानं एका आकड्यासाठी दिली, आणि तो आकडा मिळाला नाही.

तीन आठवड्यांनी तो कामावर परत आला. घरी बसून करणार काय? बायकोची मोठी बहीण, आक्का, त्याच्याकडे राहायला आली होती. ती भांडी घासायची आणि तो पुसायचा, आणि दोघांनाही एकमेकांशी काय बोलावं ते सुचायचं नाही.

कामावर गेल्या गेल्या साहेबांनी बोलावलं. साहेब म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख. माणूस वाईट नव्हता. तिला पोहोचवायला आले होते तेव्हा लहान मुलासारखे रडले होते. त्यांनी टेबलावरून एक जाडसर पुस्तिका उचलून दोन्ही हातांनी मिस्त्रीसमोर धरली.

“इस्पितळाच्या समितीकडे हीच दिली. परवानगी आली, मिस्त्री. सोमवारी पहिला माणूस. पहिलं पान बघा.”

पहिल्या पानावर लिहिलं होतं की हे काम मोजणीबाईच्या स्मृतीला अर्पण आहे. तिचं पूर्ण नाव होतं. मिस्त्रीला ते नाव छापलेलं कधी दिसलं नव्हतं. त्यानं दोनदा वाचलं. मग पानं उलटत तो तक्त्यापाशी आला. सवयच तशी. ती घरी वही आणायची आणि आकडे वाचून दाखवायची, कुणी दुसरं गोष्टी वाचून दाखवील तसे.

शून्य, साठ. दहा, एकोणसाठ पूर्णांक दोन. वीस, सत्तावन्न पूर्णांक एक. तीस, छप्पन्न पूर्णांक पाच.

खाली बारीक अक्षरात, मोजणी: आणि पुन्हा तिचं नाव.

“हा कुणी मोजला?” मिस्त्रीनं विचारलं.

“कुठला?”

“तिसावा.”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. “तो अंदाज आहे. शास्त्रीय अंदाज. मूठ तापून तापून किती तापणार? माणसाच्या हाताहून जास्त तर नाही ना! पुढे ते स्थिरावणारच. मी सगळं गणित मांडून बघितलं.”

“मग अंदाज असं लिहा. आणि खाली तुमचं नाव घाला.”

“अंदाज लिहिला असता तर समितीनं परत पाठवलं असतं. आणखी सहा महिने गेले असते.”

“जाऊ द्या की.”

“मिस्त्री, आकडा बरोबरच असणार.”

“असेल. पण मोजलेला नाही. मी होतो तिथं, साहेब. तुम्ही नव्हता.”

साहेब मऊ आवाजात म्हणाले, “तुमचं दुःख मी समजू शकतो.”

“दुःखाचं मी काही बोललोच नाही. मी तिसाव्या मिनिटाच्या ओळीचं बोलतोय.”

यावर साहेबांचा आवाज चढला. हे आकडे यंत्रात भरून झाले आहेत, ते म्हणाले. मूठ जितका वेळ हातात, तितकी भर यंत्र आपोआप घालेल आणि डोळ्याची चूक सुधारून घेईल. पाहुणे येणार आहेत. चार वर्षांचं काम आहे. लेथवरच्या माणसानं एका ओळीसाठी ते अडवायचं म्हणजे काय?

“सोमवारच्या जखमेला किती वेळ लागेल?” मिस्त्रीनं विचारलं.

“अर्धा तास. फार तर पस्तीस मिनिटं.”

“म्हणजे बरोब्बर तिथंच,” मिस्त्री म्हणाला आणि पुस्तिका टेबलावर ठेवून बाहेर पडला.

घरी त्यानं आक्काला सगळं सांगितलं. ती भिंतीला टेकून ऐकत होती, हातात ओला कपडा तसाच.

“नोकरी जाईल तुमची,” ती म्हणाली.

“जाईल.”

“तुमच्या वयाला दुसरं कोण ठेवून घेणार?”

“कुणी नाही.”

आक्कानं कपडा पिळला. तो पिळण्याइतका ओला नव्हता. “लहान असताना ती माझी वेणी पट्टी लावून मोजायची. रोज. आज किती वाढली, भिंतीवर रेघ. माझ्या सासरी एकदा मी वय दोन वर्षांनी कमी सांगितलं, तर सगळ्यांसमोर म्हणाली, आक्का, तू चुकतेयस. सख्ख्या बहिणीसाठी जिनं दोन वर्षं सोडली नाहीत, तिच्या नावावर हे लोक मनचा आकडा खपवतात? अडवा. खुशाल अडवा. मी आहे अजून महिनाभर, जेवायचं बघू काहीतरी.”

मिस्त्री त्या तीन आठवड्यांत पहिल्यांदा हसला.

अडवणं त्याच्या हातात होतं, अगदी शब्दशः. लेझरला किल्ली असते. ती फिरवल्याशिवाय प्रकाश निघत नाही, आणि भलत्याच्या हाती लागू नये म्हणून ती एका माणसाच्या ताब्यात ठेवतात. त्या प्रयोगशाळेत तो माणूस मिस्त्री. किल्ली त्याच्या गळ्यात दोऱ्याला असायची. दुसरी साहेबांच्या कपाटात होती, पण कपाटाचं कुलूप मिस्त्रीनंच बसवलेलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी त्यानं ती दुसरी किल्ली काढली, शेगड्याच्या जबड्यात घट्ट पकडली आणि कानशीनं तिचे दात घासून सपाट केले. मग कीस झाडून, होती तिथं नीट ठेवून दिली. त्यानं आयुष्यात मुद्दाम बिघडवलेली ही पहिली वस्तू. काम मात्र सुबक झालं होतं, ते त्याला कबूल करावं लागलं.

सोमवारी सकाळी शस्त्रक्रियेच्या खोलीत पहिला माणूस, एक पोस्टमन, टेबलावर आडवा होता. गुडघ्याखाली नडगीवर गाठ होती, ती डॉक्टरीणबाईंनी काढली होती आणि आता वीतभर लांब जखम उघडी होती. कमरेखाली बधिर केलेलं, पण गडी जागा होता आणि त्याचं तोंड चालू होतं.

“बाई, पाय जपा हां. माझं पोट पायावरच आहे.”

“पोट जागेवरच आहे तुमचं, मी बघितलंय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “चांगलं ऐसपैस आहे. मिस्त्री, किल्ली.”

काचेपलीकडे साहेब दोन पाहुण्यांना काहीतरी समजावून सांगत होते. मिस्त्री यंत्रापाशी उभा होता. गळ्यातल्या किल्लीला त्यानं हात लावला नाही.

“किल्ली नाही फिरवणार, बाई.”

“का? बिघाड आहे?”

“यंत्र ठीक आहे. तक्ता खोटा आहे. तिसाव्या मिनिटाचा आकडा कुणी मोजलेला नाही. ती मोजायच्या आत गेली. तिथं साहेबांनी अंदाजानं भरलाय आणि खाली तिचं नाव घातलंय.”

पोस्टमननं मान उचलायचा प्रयत्न केला. “काय झालं? माझ्या पायाचं काही आहे का?”

साहेब आत आले. मास्क घाईघाईत बांधलेला, एक नाडी लोंबत होती. “दुसरी किल्ली आणतो मी,” ते म्हणाले आणि बाहेर गेले. पाच मिनिटांनी परत आले, किल्ली लावली, फिरवली. ती नुसतीच गोल फिरत राहिली. त्यांनी ती काढून डोळ्यांजवळ धरली. मग मिस्त्रीकडे बघितलं.

“हे तुम्ही केलंत.”

“केलं.”

“तुमच्यावर कारवाई होईल.”

“करा.”

“लेथ काढून घेईन तुमच्याकडून!”

“घ्या. लेथ तुमचंच आहे. पण ती मूठ अठ्ठावीस मिनिटं धरलेला हात माझा आहे, आणि ती ओळ तिची आहे. तिनं मोजलं नाही ते तिच्या नावावर चढवायचा अधिकार ना तुम्हाला ना मला.”

डॉक्टरीणबाई इतका वेळ जखमेवर ओली पट्टी धरून उभ्या होत्या. त्यांनी साहेबांना विचारलं, “आकडा मोजलेला आहे की नाही? एका शब्दात सांगा. माणूस टेबलावर आहे.”

साहेबांनी ती घासलेली किल्ली खिशात टाकली.

“सुई-दोरा,” डॉक्टरीणबाई नर्सला म्हणाल्या.

“म्हणजे जुनीच पद्धत?” पोस्टमन हिरमुसला. “मी गल्लीभर सांगून आलोय, लेझरनं चिकटवणार म्हणून.”

“जुनी आहे, पण मोजलेली आहे,” त्या म्हणाल्या आणि पहिला टाका घातला. “गल्लीत सांगा, लेझर घाबरलं तुम्हाला.”

पाहुणे काचेपलीकडून अर्धा तास शिवणकाम बघत बसले. मिस्त्री यंत्रापाशीच उभा राहिला. कुणी त्याला जा म्हटलं नाही, आणि त्यालाही जायचं नव्हतं. पोस्टमन तेवढ्या वेळात घोरायलाही लागला. शेवटचा टाका पडला तेव्हा मिस्त्रीनं घड्याळ बघितलं. तेहतीस मिनिटं.

कारवाई झाली. किल्ली काढून घेतली आणि पंधरा दिवस घरी बसवलं. पण डॉक्टरीणबाईंनी त्याच दिवशी समितीला चार ओळींचं पत्र लिहिलं होतं. परवानगी थांबली. पुस्तिका परत आली. दुसऱ्यांदा छापली तेव्हा तीस मिनिटांच्या ओळीत ‘मोजलेले नाही’ असं होतं आणि साहेबांची सही होती. ते दोन शब्द मिस्त्रीनं आक्काला दाखवले. आक्का म्हणाली, “हे वाचून ती खूश झाली असती. वेडीच होती.”

सोळाव्या दिवशी तो कामावर गेला तेव्हा डॉक्टरीणबाई काळ्या पेल्यापाशी बसल्या होत्या. साहेबही होते, पण ते त्याच्याकडे न बघता पारा बघत होते. डॉक्टरीणबाईंनी स्वतः मूठ हातात घेतली होती.

“शस्त्रक्रिया मी करणार, तर हात माझा मोजा,” त्या म्हणाल्या. “शून्यापासून सगळं. माझं वेगळं पान करा. तिच्या पानाला कुणी हात लावायचा नाही, ते तुम्ही बघा.”

त्यांचं पान चार दिवसांत पूर्ण झालं. त्यांचा हात थंड होता, मूठ कमी तापायची. तरी तिसाव्या मिनिटाला आकडा चोपन्नच्याही खाली गेला, दोन्ही खेपांना. साहेबांनी तो स्वतः लिहिला, स्वतः शाई फिरवली. छप्पन्न पूर्णांक पाच धरून यंत्रानं प्रकाश वाढवतच नेला असता. मग मिस्त्रीकडे न वळताच म्हणाले, “किल्ली तुमच्या टेबलावर ठेवलीय.”

मिस्त्रीनं किल्ली गळ्यात घातली. कुणी त्याला बरोबर म्हणावं म्हणून त्यानं ते केलं नव्हतं. आकडा छप्पन्न पूर्णांक पाच आला असता तरी त्यानं किल्ली फिरवली नसती.

आता यंत्रात डॉक्टरीणबाईंचं पान आहे, आणि यंत्र त्यांच्याच हातात चालतं. तीन माणसांच्या जखमा चिकटवून झाल्या, तिन्ही बऱ्या झाल्या. मोजणीबाईचं पान वहीत तसंच आहे. शाईच्या तीन ओळी, चौथी कोरी. एका पानावर एकच हात, हा तिचा नियम, आणि त्या पानावरचा हात मिस्त्रीचा. तेव्हा ती ओळ भरणार तर तोच.

दर मंगळवारी दुपारी तो पेला तापवतो. मावशी झाडू भिंतीला टेकवून पडद्यासमोर बसतात. आकडे वाचता येतात त्यांना, आणि त्या ठाम सांगतात की त्यांच्याइतकं चोख कुणी लिहीत नाही. दहावं मिनिट होतं, विसावं होतं. मग मावशी कितीही म्हणाल्या, “बसा हो मिस्त्री, मी आहे ना,” तरी तो मूठ खाली ठेवतो, उठतो आणि व्हरांड्यात कुलरपर्यंत जाऊन बघून येतो. तिथं कुणी नसतं. परत येऊन तो मावशींना म्हणतो, “पुढच्या मंगळवारी.”

पहिल्यांदा उठला तेव्हा एकवीस मिनिटं झाली होती. गेल्या मंगळवारी चोवीस.

साहेबांनी एकदा सुचवलं की ते पान आता लागत नाही, वही कपाटात ठेवू या. मिस्त्रीनं वही उचलून स्वतःच्या टेबलाच्या खणात ठेवली आणि खणाला कुलूप घातलं.

तीस मिनिटांची ओळ अजून मोजायची राहिली आहे.